‘न्याय’ या शब्दाचा शोध

(संस्थेच्या वर्धापन दिनानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय आम्हाला आपल्या अभ्यासवर्गातील विद्यार्थ्यांनीच दिला. एका रविवारी वर्गात ‘न्याय’ या शब्दाला समानार्थी शब्द लिहा, असा प्रश्न दिला होता. मुलांनी फळ्यावर भराभर शब्द लिहिले. निवाडा, निकाल, इन्साफ, समता, समानता, नीती, हक्क. एकाने ‘रास्त’ असे लिहिले आणि बाकीचे हसले. रेशनच्या दुकानावरचा शब्द न्यायाच्या पंक्तीत कसा बसेल, असे त्यांना वाटले. त्या हसण्याने आम्हालाही विचारात पाडले. हे सर्व शब्द एकाच अर्थाचे आहेत काय? तसे असते तर भाषेने इतके शब्द सांभाळले असते काय? ज्या समाजाला शेकडो वर्षे न्याय नाकारला गेला, त्या समाजाने तरी हा शब्द नीट तपासून घेतला पाहिजे, असे वाटून आम्ही कोश आणि ग्रंथ चाळले. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम ‘न्याय’ हाच शब्द घेऊ. संस्कृत कोशकार या शब्दाची फोड ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘इ’ म्हणजे जाणे हा धातू अशी करतात. ज्या ठरलेल्या वाटेने गोष्ट जाते ती वाट, म्हणजे रीत, नियम, पद्धत. गौतमाच्या तर्कशास्त्राला न्यायदर्शन म्हणतात ते याच अर्थाने. शितावरून भाताची परीक्षा करणे म्हणजे ‘स्थालीपुलाक न्याय’. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा तो ‘काकतालीय न्याय’. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा ‘अंधगज न्याय’ तर आपल्या परिचयाचा आहे, कारण जन्मांधांची आणि हत्तीची ती गोष्ट पाली ‘उदान’ ग्रंथात तथागतांनी सांगितली आहे. या कोणत्याही न्यायात कोर्ट नाही की फिर्याद नाही. येथे न्याय म्हणजे फक्त ‘असे असे घडते’ ही रीत.

याच यादीत आणखी एक न्याय आहे, तो म्हणजे ‘मत्स्यन्याय’. मोठा मासा लहान माशाला गिळतो, ही रीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हा शब्द आला आहे. आपल्या मराठीत यालाच ‘बळी तो कान पिळी’ म्हणतात. मित्रहो, येथे थोडे थांबावे. लहानाला मोठ्याने गिळणे यालाही भाषेने न्यायच म्हटले! याचा अर्थ नुसता ‘न्याय’ हा शब्द आपल्या बाजूचा नाही, कोणाच्याच बाजूचा नाही. ज्याच्या हाती सत्ता, त्याची रीत म्हणजे न्याय. एकाच अपराधाला वर्ण पाहून कमी-अधिक शिक्षा सांगणारी मनुस्मृती हीसुद्धा तिच्या काळच्या सत्ताधाऱ्यांच्या लेखी न्यायाचाच ग्रंथ होती. म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तिचे दहन झाले तेव्हा न्यायाच्या नावाने चालत आलेली एक रीत जाळली गेली. न्याय हवा, एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणता न्याय, हे विचारावे लागते.

आता इतर शब्द पाहू. ‘इन्साफ’ हा अरबी शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘निस्फ’ म्हणजे अर्धा हा अर्थ आहे. दोघांत वस्तू अर्धी-अर्धी वाटावी, कोणाकडे झुकू नये, हा इन्साफ. ‘वाजवी’ हा ‘वाजिब’ या अरबी शब्दावरून आला. जे देणे लागते, जे करणे कर्तव्य आहे, ते वाजवी. ‘हक्क’ या अरबी शब्दात खरेपणा आणि अधिकार असे दोन्ही अर्थ आहेत. जे खरोखर माझे आहे तो माझा हक्क. आणि ज्या शब्दाला मुले हसली तो ‘रास्त’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ सरळ, वाकडे नसलेले. रास्त भाव धान्य दुकानाच्या पाटीवर हा शब्द आपण किती वेळा वाचला असेल! दुकानदाराने काटा सरळ धरावा, भाव सरळ सांगावा, रांगेतल्या शेवटच्या बाईलाही पहिल्याच्याच मापाने धान्य द्यावे, एवढी सारी अपेक्षा त्या पाटीवर लिहिलेली आहे. ज्याच्या घरी शिधापत्रिकेवर चूल पेटते त्याला न्याय म्हणजे काय हे कोर्टाच्या आधी या पाटीखाली कळते. म्हणून त्या विद्यार्थ्याचे उत्तर आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले.

मराठमोळे शब्द दोन. ‘निवाडा’ हा ‘निवडणे’ या क्रियापदाच्या घरातला. आपल्या आया-बहिणी सुपात तांदूळ घेऊन खडे वेगळे करतात, तसे खरे-खोटे वेगळे करणे हा निवाडा. त्याला वेळ लागतो, उजेड लागतो, नजर लागते. ‘निकाल’ हा शब्द मात्र वेगळा आहे. निकाल लागला म्हणजे प्रकरण संपले. ‘निकालात काढणे’ हा वाक्प्रचार आपण कोणत्या अर्थाने वापरतो ते सर्वांना ठाऊक आहे. निकाल लागतो, पण निवाडा झालेला असतोच असे नाही. आणि निवाडा झाला तरी न्याय पदरात पडतोच असेही नाही.

याला महाडच्या चवदार तळ्याइतके चांगले उदाहरण नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर न्याय झाला होता, परंतु ओंजळीत पाणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे त्या तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचा शब्द होता ‘वहिवाट’. पूर्वापार अशीच रीत आहे, म्हणून अस्पृश्यांना बंदी असावी, असे त्यांचे म्हणणे. हा दावा चालत चालत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले.

निकाल आपल्या बाजूने लागला याचा आनंद आहेच. पण शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो निकाल वहिवाट सिद्ध न झाल्यामुळे लागला. समजा वहिवाट सिद्ध झाली असती, तर माणसाला पाणी नाकारणे न्याय्य ठरले असते काय? हा प्रश्न त्या दाव्याने मिटला नाही. तो मिटवण्यासाठी संविधान यावे लागले. कलम १५ ने सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापराबाबत जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून मज्जाव करण्यास बंदी केली आणि कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. आता वहिवाट कितीही जुनी असो, ती या कलमांपुढे टिकत नाही. रीतीचा न्याय मागे पडला आणि समतेचा न्याय पुढे आला.

‘समता’ म्हटले की दुसरा शब्द आठवतो, ‘समानता’. आपण दोन्ही शब्द सरसकट वापरतो. संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात दर्जाची व संधीची ‘समानता’ असा शब्द आहे, तर हिंदी पाठात ‘समता’ आहे. आपल्या चळवळीचा शब्द मात्र समता. १९२८ साली समाज समता संघाचे ‘समता’ हे पत्र निघाले तेही याच नावाने. या दोन शब्दांत आम्हाला एक फरक जाणवतो. समानता म्हणजे सारखेपणा, समता म्हणजे सपाटी. शेतात एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा असेल, तर दोन्हीकडे सारखी माती टाकून शेत सपाट होत नाही. खड्ड्यात माती जास्त टाकावी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्यामागे हीच समज होती.

ही समज आम्हालाही फार उशिरा आली, हे येथे कबूल केले पाहिजे. आपल्या संस्थेत पूर्वी शैक्षणिक साहाय्य गुणांच्या टक्केवारीवर दिले जात असे. नियम सर्वांना सारखा, म्हणून आम्ही समाधानी होतो. एका वर्षी दहावीच्या एका मुलीचा अर्ज टक्केवारी कमी म्हणून परत गेला. तिची आई विहारात आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, “तुम्ही मार्क बघितलं, पण पोरगी माझ्यासंगं चार घरची कामं करून किती वाजता घरी येती, ते कुणी इचारलं न्हाय.” आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. नियम समान होता, तो सम नव्हता. पुढच्या वर्षापासून आपण बक्षीस आणि साहाय्य या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. बक्षीस गुणांना, साहाय्य गरजेला. त्या मुलीचे ते वर्ष मात्र आम्हाला परत देता आले नाही.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घरातल्या शब्दांकडे येऊ. प्रत्येक पौर्णिमेला आपण त्रिरत्न वंदना म्हणतो. त्यातील संघवंदनेत भगवंतांच्या श्रावकसंघाचे चार गुण येतात. ‘सुपटिपन्नो’, ‘उजुपटिपन्नो’, ‘ञायपटिपन्नो’ आणि ‘सामीचिपटिपन्नो’. आपल्यापैकी अनेकांना हे बालपणापासून पाठ आहे, पण अर्थाकडे लक्ष गेले नाही. आमचेही नव्हते. ‘सु’ म्हणजे चांगल्या रीतीने. ‘उजु’ म्हणजे सरळ, अगदी आपला ‘रास्त’. ‘ञाय’ म्हणजे न्याय. ‘सामीचि’ म्हणजे उचित, जे ज्याला देय ते त्याला देणारे, म्हणजे आपला ‘वाजवी’. फळ्यावर मुलांनी लिहिलेले शब्द वंदनेत आधीपासून होते! आणि पाली ‘ञाय’ हा शब्द मत्स्यन्यायाच्या न्यायासारखा तटस्थ राहिलेला नाही. अट्ठकथाकार त्याचा अर्थ आर्य अष्टांगिक मार्ग असा सांगतात. रीत या शब्दाला तथागतांच्या परंपरेने दिशा दिली. दुःखातून बाहेर नेते ती रीत न्याय.

दुसरी गोष्ट. धम्मपदाच्या एकोणिसाव्या वर्गाचे नाव धम्मट्ठवग्ग आहे. त्याचा प्रारंभच न्यायनिवाड्याने होतो. घाईने निर्णय देणारा धम्मात स्थिर नव्हे. अर्थ आणि अनर्थ दोन्ही पारखून, बळजोरी न करता, धम्माने आणि समतेने जो इतरांना मार्ग दाखवितो तो धम्मात स्थिर, असा त्याचा आशय आहे. तेथे ‘सम’ हाच शब्द वापरला आहे.

माणूस अन्याय का करतो, याचेही कारण पाली साहित्याने सांगून ठेवले आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात चार ‘अगती’ सांगितल्या आहेत. अगती म्हणजे ज्या वाटेने जाऊ नये ती वाट. छन्द म्हणजे आवडीमुळे झालेला पक्षपात, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान आणि भय. आपला माणूस म्हणून झुकते माप देणे हा छन्द. जुना राग काढणे हा दोस. चौकशी न करता ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणे हा मोह. मोठ्या माणसाला दुखवायला नको म्हणून गप्प बसणे हे भय. आपल्या कोणत्याही संस्थेची कोणतीही बैठक डोळ्यांसमोर आणा. या चारांच्या बाहेर पाचवे कारण सापडणे कठीण.

विनयपिटकात तर याचा व्यवहारच लावून दिला आहे. संघात चीवरे स्वीकारणारा, भोजनाची वाटणी ठरविणारा असे जे अधिकारी निवडले जात, त्यांच्या ठायी ही चार अगती नसावीत असा दंडक होता. त्यासोबत पाचवी पात्रता अशी की, काय घेतले आणि काय घेतले नाही, काय नेमून दिले आणि काय दिले नाही, हे त्याला माहीत असले पाहिजे. म्हणजे मन शुद्ध असून भागत नाही, हिशेबही चोख लागतो. आपल्या खजिनदारांनी आणि सचिवांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. तंटे मिटविण्याचे सात प्रकार विनयात आहेत. त्यांत पहिला ‘सम्मुखाविनय’. दोन्ही पक्ष समोर असताना, संघासमोर, धम्म आणि विनयानुसार निर्णय व्हावा. ‘येभुय्यसिका’ म्हणजे बहुमताने निर्णय, हाही त्यातलाच एक प्रकार. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध संघाला संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती, असे सांगितले ते याच आधारावर.

आता जे सांगायचे ते सांगताना संकोच वाटतो, पण वर्धापन दिन हा केवळ गौरवाचा दिवस नसावा. अनेक वर्षांपूर्वी आपल्या एका कार्यकर्त्याकडे जयंतीच्या वर्गणीचे काम होते. हिशेबात काही रक्कम कमी दिसली. कुजबुज सुरू झाली. बैठक ठरली, तेव्हा तो गावी गेला होता. त्याची वाट पाहण्याइतका धीर आम्हाला नव्हता. अर्ध्या तासात ठराव झाला, हात वर झाले, बहुमत झाले. त्याला पदावरून काढले. दोन-अडीच महिन्यांनी कपाट आवरताना मंडपवाल्याची आणि छपाईची पावती मिळाली. रक्कम जुळली. आम्ही त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. त्याने चहा दिला, कोणाला वाईट बोलला नाही. पण तो पुन्हा विहारात कधी आला नाही. मुलांनाही पाठवले नाही.

त्या दिवशी येभुय्यसिका झाली, सम्मुखाविनय झाला नाही. निकाल लागला, निवाडा झाला नाही. आपल्या घरात शब्द होते, रीत होती, अडीच हजार वर्षांपूर्वी ती कोणीतरी घालून दिली होती, आणि आम्ही ती दर पौर्णिमेला हात जोडून म्हणत होतो. बाहेरच्या समाजाने आपल्याला गैरहजेरीत दोषी ठरविले, ऐकून घेतले नाही, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तेच आम्ही आपल्या माणसाला केले.

शेवटी आणखी एका शब्दाविषयी बोलून थांबतो. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा हे चार ब्रह्मविहार आपणास ठाऊक आहेत. पालीत ‘उपेक्खा’ म्हणजे मनाचा समतोल, कोणाकडे न झुकता सर्वांना सारखे पाहणे. निःपक्षपातीपणाला यापेक्षा चांगला शब्द नाही. पण मराठीत हाच शब्द ‘उपेक्षा’ होऊन आला आणि त्याचा अर्थ झाला दुर्लक्ष. ‘उपेक्षित समाज’ म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. हा फरक आचार्य बुद्धघोषांना दिसला होता. विसुद्धिमग्गात ते सांगतात की, अज्ञानातून आलेली बेफिकिरी ही उपेक्खेची जवळची शत्रू आहे, कारण ती वरवर उपेक्खेसारखीच दिसते. आम्ही त्या मुलीचा अर्ज परत केला तेव्हा स्वतःला निःपक्षपाती समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही तिच्याकडे पाहिलेच नव्हते. उपेक्खा हा चौथा विहार आहे. त्याच्या आधी मैत्री आणि करुणा येतात. त्या वगळून केलेला निःपक्षपात ही उपेक्षाच होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. उद्देशिकेत न्यायाच्या सोबत बंधुता का लिहिली आहे, याचे उत्तर आम्हाला या चौथ्या विहारात मिळते.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत समानार्थी शब्द विचारले तर ‘न्याय’ला ‘इन्साफ’ किंवा ‘निवाडा’ लिहा, गुण मिळतील. पण संस्थेच्या बैठकीत बसाल, उद्या ग्रामपंचायतीत, कचेरीत, शाळेत खुर्चीवर बसाल, तेव्हा समोरच्याचे ऐकल्याशिवाय हात वर करू नका. हिशेबाची पावती जपून ठेवा. अर्ज परत करण्यापूर्वी अर्जदार किती वाजता घरी येतो ते विचारा.

आपल्या कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे. कोणत्याही सदस्याविरुद्धचा ठराव तो हजर असल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे लिहून घेतल्याशिवाय मांडला जाऊ नये, असा नियम संस्थेच्या घटनेत घालावा. येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही तशी सूचना मांडणार आहोत. सूचना मंजूर झाली तर त्या कार्यकर्त्याच्या घरी पुन्हा एकदा जाऊ आणि ठरावाची प्रत त्याच्या हाती देऊ.



जयभीम! नमो बुद्धाय!